मी बरा असताना

मघाशी त्या गृहस्थांना मी परत पाठवलं, तेव्हा तू तुझ्या चष्म्याच्या दुकानातून कशी बघत होतीस ते दिसलं मला. आलेलं गिऱ्हाईक घालवते, ही बाई शुद्धीवर आहे ना, असंच वाटलं ना तुला? बस. लाइट येईपर्यंत मलाही काही करता येणार नाही. तो चार्जिंगचा दिवा जरा इकडे ओढ, आणि चहा गार करू नकोस.

त्यांचा लॅपटॉप मी दुरुस्त करून दिला असता. पण ते म्हणाले, "बाकी काही करू नका, फक्त याला जुन्या तारखेला नेऊन सोडा. तेव्हा कसा छान चालायचा!" ते काम मी घेत नाही. स्क्रीन बदलते, हार्ड डिस्क बदलते, चहा सांडलेला कीबोर्ड धुऊन देते, पण जुन्या तारखेला नेत नाही. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते. हसायचं तर हस, पण मध्ये बोलू नकोस.

माझी धाकटी बहीण तू पाहिली आहेस, शाळेत चित्रकला शिकवते ती. तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, एका कारखान्यात कंप्युटर सांभाळायचे. आमचं दोघांचं फार जमायचं. हातात स्क्रू ड्रायव्हर आला की जेवणाचं भान राहत नाही अशी माणसं घरात आम्ही दोघंच. धाकटीला दिवस राहिले आणि त्यांचं दुखणं उघडकीला आलं, दोन्ही एकाच सुमारास. बाळाचं तोंड बघायला ते राहिले नाहीत. पण आवाज फुटत होता तोवर लॅपटॉपसमोर बसून ते बाळाशी बोलायचे. पोटातल्या बाळाशी, कळलं ना? ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलेलं. धाकटीनं ते ऐकलं नव्हतं. म्हणायची, "ढब्बूला जरा समजायला लागू दे, मग दोघी मिळून ऐकू."

ढब्बू म्हणजे माझी भाची. गाल असे की दुसरं नाव सुचलंच नाही कुणाला. या पोरीनं बापाचा आवाज ऐकलेला नव्हता, आणि तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या लॅपटॉपमध्ये. "अगं बाई, एक कॉपी काढून ठेव," असं सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

आणि एक दिवस दुपारी धाकटीचा फोन. "ताई, लॅपटॉप चालूच होत नाहीये. मी काहीतरी करून बसलेय. तू लगेच ये." आवाज रडवेला. मी दुकानाचं शटर ओढलं, अवजारांची पिशवी घेतली आणि निघाले.

तिचं घर साधंच, चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पॅसेजच्या टोकाला बाथरूम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा पडलेला. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह, खाली गोल गोल फिरणारे ठिपके, मग निळा पडदा, "रिस्टोअर पूर्ण होऊ शकलं नाही." मग काळोख, आणि पुन्हा ते चिन्ह. घाण्याच्या बैलासारखं चाललेलं.

"काय केलंस ते पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "आणि मला खोटं सांगू नकोस. गिऱ्हाइकं सांगतात तसं 'मी काहीच केलं नाही' म्हणू नकोस."

ढब्बूला कडेवर घेऊन तिनं सांगितलं. लॅपटॉप फार हळू झाला होता, म्हणून तिनं रिकव्हरी उघडली. तिथं जुन्या तारखा दिसल्या. आता मेहुण्यांची एक सवय होती. मशीनवर काही मोठं करायच्या आधी ते एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवायचे, म्हणजे बिघडलंच तर तिथवर परत जाता येतं. आणि प्रत्येकाला नाव द्यायचे, तेही चेष्टेनं. 'नवा प्रिंटर छळायच्या आधी.' 'सासूबाई येण्यापूर्वीची शांतता.' बाकीचे पॉइंट मशीननं कधीच पुसून टाकले होते. उरला होता शेवटचा. पहिल्यांदा डॉक्टरकडे तपासायला जाणार होते, त्याच्या आदल्या दिवशी केलेला. त्याचं नाव होतं 'मी बरा असताना'.

"मग मी तोच निवडला," धाकटी म्हणाली. खाली मान घालून.

"साहजिक आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "त्यात तुझ्या फाइलींना धक्का लागत नाही. फोटो, आवाज, सगळं राहतं. त्या तारखेनंतर जे नवीन टाकलंय, प्रोग्रॅम वगैरे, तेवढं निघून जातं. घाबरू नकोस."

मी कामाला लागले. चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं. मागचं झाकण उघडलं, धूळ फुंकली, मेमरीची पट्टी काढून पुसून बसवली. डिस्कला कान लावला, आवाज स्वच्छ होता, खरखर नाही. मरणाऱ्या डिस्कचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. ही डिस्क मरत नव्हती.

"मावशी, तो स्कू डायवर मला दे ना," ढब्बू टेबलाखालून म्हणाली. "मी पण दुलुस्त कलते."

"आधी तुझं बोलणं दुरुस्त कर," मी म्हटलं, आणि ती खो खो हसली.

बॅटरी जोडून मी मशीन चालू केलं. ठिपके फिरायला लागले. आणि तेव्हा मला वास आला. दाढीच्या साबणाचा. ओला, थोडासा चंदनासारखा. त्या घरात दाढी करणारं कुणी नव्हतं.

मी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुलाही येतोय? सकाळपासून येतोय. मला वाटलं, मलाच..."

"शेजारून येत असेल," मी म्हटलं. "लक्ष नको देऊस."

निळा पडदा आला, गेला, पुन्हा चिन्ह. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथल्या दाराच्या चौकटीवर ढब्बूच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. सगळ्यात वरची रेघ मी स्वतः मारली होती, मागच्याच आठवड्यात, आणि ती टाचा उचलून उभी राहिली म्हणून आमचं भांडणही झालं होतं. ती रेघ नव्हती. तिच्या खालचीही नव्हती. पुसलेल्या रेघेचा डाग राहतो की नाही? डाग नाही, काही नाही. कोरं लाकूड.

हे बघ, माझ्या धंद्यात भूत वगैरे चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं "आपोआप बंद पडतो", आणि आत झुरळ निघतं. म्हणून मी डोकं शांत ठेवलं. परत आले, मशीन बंद केलं, चौकटीपाशी जाऊन उभी राहिले. काही हललं नाही. मग धाकटीला म्हटलं, "चालू कर." तिनं बटण दाबलं. ठिपके फिरायला लागले असतील, तोच माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक रेघ फिकी झाली, विरत गेली, आणि गेली. चिमटा घेऊन बघितला मी स्वतःला. खरंच घेतला.

"बंद कर!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता बंद कर!"

बाहेर आले तर ढब्बू टेबलाखाली बसली होती. स्क्रू ड्रायव्हरकडे बोट दाखवत होती. "माशी... दे," ती म्हणाली. "दे... दे."

मघाशी हीच पोरगी पूर्ण वाक्यं बोलत होती. मी खाली वाकले. "ढब्बू, काय हवंय? नीट सांग बघू मावशीला." ती माझ्याकडे बघून हसली. तोंडात मागचे दात नव्हते.

सगळं एकदम कळलं. त्या तारखेनंतर जे नवीन आलंय ते निघून जातं, हे मीच माझ्या तोंडानं सांगितलं होतं धाकटीला. आणि त्या तारखेला ढब्बू कुठं होती? तिचा पत्ताही नव्हता.

धाकटीनं पोरीला उचललं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... ही हलकी का लागतेय?"

"बस खाली. तिला घट्ट धरून बस," मी म्हटलं. चार्जर उपटला. बॅटरी काढून टेबलावर ठेवली. आता हे मशीन म्हणजे प्लास्टिकचा डबा, असं मनाशी म्हणत श्वास सोडतेय, तोच स्क्रीन उजळला. चार्जर माझ्या हातात, बॅटरी समोर, आणि स्क्रीनवर ठिपके शांतपणे फिरताहेत. खाली ओळ आली, "रिस्टोअर पुन्हा सुरू होत आहे. कृपया मशीन बंद करू नका." आणि एक पट्टी, निम्म्याच्या पुढे भरलेली.

खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. रस्त्यावरचा आवाज आतपर्यंत येत होता, रिक्षा, कुणाचा तरी हॉर्न, खालच्या मजल्यावरचा टीव्ही. भर संध्याकाळ. आणि त्यात पॅसेजच्या टोकाला नळ सुरू झाला.

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. दाराखालच्या फटीतून उजेड आला. पाणी वाजत होतं. मग बेसिनच्या कडेवर रेझर आपटल्याचा आवाज. टक. टक. आणि शिट्टी. मेहुणे दाढी करताना कायम तीच अर्धवट धून वाजवायचे, पुढची त्यांना यायचीच नाही. बरं, आवाजात दुखण्याचं नावनिशाण नाही. भरल्या छातीची, ठणठणीत शिट्टी.

धाकटी उभी राहिली. तिचे डोळे बघवत नव्हते. भीती नव्हती त्यात. कुणीतरी गावाहून परत आलंय असे डोळे.

"अगं," आतून आवाज आला. "टॉवेल राहिला बाहेर. देतेस का?"

बस. एवढंच. नवरा बायकोला रोज म्हणतो तेवढंच. मला शंभर किंचाळ्या चालल्या असत्या, पण हे नको होतं.

"दार उघडू नकोस," मी म्हटलं.

"ताई... तो आहे. तो बरा आहे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. तुझ्या खांद्यावर बघ."

तिनं पाहिलं. ढब्बूची मान आता धरत नव्हती. फ्रॉक तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. मूठभर पोर, मिटल्या डोळ्यांनी तोंड उघडून दूध शोधत होतं. धाकटीनं एका हातानं तिचं डोकं सावरलं आणि दुसरा हात दाराच्या दिशेनं तसाच राहिला. तशी ती पॅसेजमध्ये उभी, धड इकडे नाही धड तिकडे नाही. मी तिची थोरली बहीण. लहानपणापासून तिची सगळी भांडणं मी सोडवली आहेत. हे कसं सोडवायचं, सांग तू मला!

पण मी मशीनपुढे हात टेकणारी बाई नाही. मेल्या, तुझ्यासारखी कितीतरी मशीनं मी सुतासारखी सरळ केली आहेत, असं त्या स्क्रीनला म्हटलं, मोठ्यानं, आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. डिस्कच उपटून काढायची. सरळ मुळावर घाव. पहिला स्क्रू काढला, दुसरा काढला.

"ताई आल्यात का?" बाथरूममधून आवाज. शिट्टी थांबली होती. "स्क्रू पडल्याचा आवाज आला. काय उघडलंत?"

हात स्क्रूवर तसाच ठेवला. आणि बोलले. "तुमचा लॅपटॉप, मेहुणे. रिस्टोअर अर्ध्यात अडकलंय. डिस्क काढतेय."

"अहो, नको नको!" आवाजात तीच जुनी घाई, आम्ही दोघं एका मशीनवर वाकलेले असताना असायची तशी. "मध्येच डिस्क काढलीत तर सगळं अर्धवट राहील. धड जुनं नाही, धड नवीन नाही. कुठल्या पॉइंटला चाललंय?"

"तुम्ही केलेल्या. 'मी बरा असताना'."

ते हसले. "तो होय? कालच केला. उद्या डॉक्टरकडे जायचंय ना, म्हटलं, असू द्या एक." मग जरा वेळानं, "का? पूर्ण होऊ द्या की. काय बिघडतं?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती, मानेनं 'नको, नको' करत. सांगू नकोस असं, की थांबवू नकोस असं, ते मला आजही ठाऊक नाही. मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"तुम्हाला मुलगी झाली, मेहुणे. त्या तारखेच्या नंतर. रिस्टोअर पुढे सरकतंय तशी ती मागे चाललीय. आता तान्ही झालीय."

नळ बंद झाला. इतकी शांतता की बाळाचा श्वास ऐकू येत होता. तोही मोजका.

"मुलगी..." दारामागून. "आणि मी?"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ते हुशार होते. कळलं असणार.

"कुणासारखी दिसते?"

"तुमच्यासारखी," धाकटी म्हणाली. ते आल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. "कान तर अगदी तुझेच. उभे. टोपीत मावत नाहीत."

आत ते हसले की रडले, मला फरक कळला नाही. मग खाकरून म्हणाले, "ताई, पेन ड्राइव्ह आहे? त्यावरून मशीन उठवा, आणि माझा पॉइंट पुसून टाका. कायमचा. परत जायला जागाच उरली नाही, की रिस्टोअर माघार घेतं. होतं तसं करून देतं. पासवर्ड मागेल. तो हिला माहीत आहे." आवाज दाराच्या अगदी जवळ आला होता. "लवकर करा. मला... मला बाहेर यावंसं वाटतंय, ताई. फार वाटतंय. कडी हातात आहे माझ्या."

मी पेन ड्राइव्ह खुपसला. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली. मी हुकूम टाइप केला. खालच्या पट्टीत आता बोटभर जागा राहिली होती. मशीननं पासवर्ड मागितला.

"ये," मी धाकटीला म्हटलं. "तुलाच टाकावा लागेल."

"एकदा बघू दे, ताई. एकदाच. फटीतून."

"बघितलंस तर तो बाहेर येईल. आणि तो बाहेर आला की ही गेली. मी तुला फसवत नाहीये. तुझ्या हातात काय आहे ते बघ आणि ठरव."

तिच्या हातातला फ्रॉक जवळजवळ रिकामा होता. एवढंसं काहीतरी लालसर, डोळे न उघडलेलं. धाकटीच्या तोंडून आवाज निघाला, तो मला काढून दाखवता येणार नाही. ती धावत आली. फ्रॉक छातीशी धरून एका हातानं तिनं पासवर्ड टाकला, अक्षर अक्षर, डोळे पुसत. एकदा चुकला. पुन्हा टाकला. बाथरूमची कडी सरकल्याचा आवाज आला, आणि तिनं एंटर दाबलं.

दाराखालचा उजेड गेला.

कडीही पुढे सरकली नाही. पाणी नाही, शिट्टी नाही, काही नाही. खालच्या मजल्यावर टीव्हीत कुणीतरी हसत होतं. धाकटी मटकन खाली बसली, आणि तिच्या मांडीवरून ढब्बूचा खणखणीत आवाज आला, "आई, तू मला दाबतेयस! सोड ना!"

गाल, दात, चिकट हात, सगळं जिथल्या तिथं. मी तिला उचललं तर पाठीत कळ आली, एवढी वजनदार. त्या कळेचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी तिचे इतके मुके घेतले की शेवटी तिनं माझा चष्मा ओढला. चौकटीवरच्या रेघाही परत आल्या, वरच्या लबाडीच्या रेघेसकट. बाथरूममध्ये मी स्वतः जाऊन आले. बेसिन कोरडं, आरशावर धूळ.

आणि लॅपटॉप? पहिल्याच दणक्यात चालू झाला, जसं काही घडलंच नाही. आवाजाच्या सगळ्या फाइली जागच्या जागी. मी तिथंच बसून दोन कॉप्या काढल्या, एक तिला, एक मला, आणि मगच उठले. त्या संध्याकाळी आम्ही पहिली फाइल लावली. "काय गं ए, की काय रे ए," असं मेहुणे म्हणाले, आणि ढब्बू स्क्रीनच्या मागे जाऊन बघून आली, कोण बोलतंय म्हणून. धाकटी हमसून हमसून रडली. मला वाटलं, चला, जिंकलो. जीव भांड्यात पडला.

इथं संपलं असतं तर मी त्या गृहस्थांना परत पाठवलं नसतं.

थोड्या दिवसांनी धाकटी दुकानात आली. तूच तेव्हा चष्म्यांच्या फ्रेम घालून ढब्बूला आरसा दाखवत होतीस. धाकटी मला आतल्या सामानाच्या खोलीत घेऊन गेली आणि तिनं आतून कडी घातली. मी म्हटलं, काय गं, काय झालं? तिनं साडीच्या निऱ्या जरा खाली सारल्या आणि माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला.

ढब्बूच्या वेळी तिचं सिझेरियन झालं होतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर रात्रभर मी बसले होते. टाके पिकले तेव्हा ड्रेसिंग मी केलं होतं, मला ती खूण माझ्या तळहातासारखी ठाऊक आहे. आडवी, एका टोकाला जाड झालेली.

पोट गुळगुळीत होतं. खूण नाही, व्रण नाही, पोट ताणल्यावर पडतात त्या पांढऱ्या रेघाही नाहीत. कधी बाळंतपण न झालेल्या मुलीचं असतं तसं पोट.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," धाकटी पुटपुटली. "तपासून त्या म्हणाल्या... तुम्ही अजून एकदाही आई झालेल्या नाही."

तिनं विचारलं, "ताई... मग त्या दिवशी माझ्या मांडीवर कोण परत आलं?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. छोट्या हाताची. "आई? मावशी?" ढब्बू बाहेरून म्हणाली. "दार का लावलंय? मी आहे. उघडा ना."

धाकटी हलली नाही. मीही हलले नाही. आम्ही दोघी त्या अंधाऱ्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये, श्वास धरून उभ्या. आणि बाहेरून ती पुन्हा, लाडात, हळूच, "मीच आहे गं. उघडा."

मग कडी मी काढली. माझी भाची आहे ती, मी तिला उचलून घेतलं, पापा घेतला. तिचे कान बापासारखेच आहेत, तू पाहिलेस ना? सांग, पाहिलेस ना तू?